पेट्रोलच्या दाबाचा काटा

माझ्या नवऱ्याने कॉटन ग्रीनच्या एका गोदामात स्वतःच्या हाताने विमान बांधलं. छोटंसंच, दोन माणसांचं. आम्ही राहतो भोईवाड्यात, दोन खोल्यांत. तिथे त्याचं शेपूटही मावलं नसतं. मित्राने गोदामाचा एक कोपरा दिला आणि आमचे सगळे रविवार तिकडे गेले. मी शाळेत मराठी शिकवते. मदत म्हणजे काय, तर टॉर्च धरून उभं राहायचं.

पंख लावायचे बाकी होते, पण इंजिन चालू करून बघता यायचं. विमान ढकलत आवारात आणायचं, चाकांना ठोकळे लावायचे, शेपूट खांबाला बांधायचं. इंजिन छान चालायचं. मध्येच पेट्रोलचा दाब दाखवणारा काटा धपकन शून्यावर यायचा. इंजिन मात्र तसंच चालू.

"सेन्सर खोटं बोलतोय," तो म्हणाला. "दाब खरंच गेला असता तर इंजिन बंद पडलं असतं."

"आणि वर गेल्यावर खरंच गेला तर? तुला कळणार कसं?"

तो नवा सेन्सर मागवून मोकळा झाला. मी जीभ चावली. काटा नाचत होता तोवर विमान जमिनीवर राहणार होतं.

सेन्सर होता इंजिनाच्या मागे, नळ्यांच्या गर्दीत. त्याने बोटं सोलून घेतली, पण हात आत जाईना.

"तुझा जाईल बघ."

मी बांगड्या काढल्या. त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला, बॅटरीची वायर सोडवली. आज टॉर्च धरून तो उभा होता. जुना सेन्सर सुटला तसं उरलंसुरलं पेट्रोल गार गार माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

"नवीन आधी हातानेच फिरव. अडकला तर जोर लावू नकोस, आटे जातील."

मी 'नाही बसत' म्हणाले असते तर त्याने विश्वास ठेवला असता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग त्याने दुसरी काहीतरी वाट काढली असती, आणि तिथून पेट्रोल गळलं असतं तर? मी सेन्सर नीट बसवला. अगदी नीट. पान्याने शेवटचा पीळ देताना माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं, पेट्रोलच्या वासाने.

इंजिन बराच वेळ चालवलं. काटा जागचा हलला नाही. तो लहान मुलासारखा हसत होता.

घरी जाताना मी म्हटलं, "नको ना रे उडवूस."

"अगं, तुझ्या हाताने बसवलाय. आता कसली भीती?"



पुढे परवानग्या मिळाल्या, विमान ट्रकवर चढवून मुंबईबाहेरच्या धावपट्टीवर गेलं. पहिल्या उड्डाणाला तो चल चल म्हणत होता. मी गेले नाही. घरी भाजी निवडत बसले, आणि मेथीच्या काड्या भांड्यात, पानं कचऱ्यात टाकत राहिले. दुपारी फोन वाजला.

"उतरलो!" तो ओरडला. "काटा काय स्थिर होता, सांगू!"

मी "बरं" म्हटलं. पुढे तो काय काय सांगत होता, मला ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "पुढच्या खेपेला येशील ना, बाजूला बसायला?"