चेस्टनटची बिअर आणि वरून घेतलेला घोट

बिअरवर लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, आणि मला स्वतःला बिअरची जी काही माहिती आहे ती बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीतून आलेली आहे. शिवाय प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान जायचं होतं तिथे पोहोचलेलं असावं, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी तेही केलेलं नाही. मला इटलीला जायचं होतं. मी पेन्सिल्वेनियाला गेलो.

मी जतचा. वडील वायरमन. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे मी नेमकं काय शिकतो हे विचारायचं कसं, हेही घरच्यांना नीट ठाऊक नाही. मी व्हर्जिनियात अन्नतंत्रज्ञान शिकतो, आणि त्यातही आंबवण्याचं शास्त्र. आईची समजूत होती की मी इडलीच्या पिठाचं काहीतरी मोठं करतो आहे.

उन्हाळ्यात आमचा वर्ग उत्तर इटलीत आणि स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागात जाणार होता, तिथल्या छोट्या ब्रुअरी (बिअरच्या भट्ट्या) पाहायला. मी इटालियनची चार वाक्यं पाठ केली. मग माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली. इथे राहून शिकायला हरकत नाही, पण देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नाही, असं कॉलेजच्या ऑफिसमधून सांगण्यात आलं.

माझा चेहरा पाहून प्राध्यापकबाई म्हणाल्या, "इटालियन बोलणारे इथेही आहेत. शोध." आणि त्यांनी एक पत्ता दिला. पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात एक जुनं इटालियन कुटुंब चेस्टनटची (भाजून खायचं गोडसर, पिठूळ फळ) बिअर बनवतं, आणि दर शरद ऋतूत एका विद्यार्थ्याला हाताखाली घेतं. "अर्ज मी पाठवला आहे. पण ते माणूस पाहून ठरवतात. जाऊन भेट."

मला ती जागा हवी होती. इतर ठिकाणी केलेल्या अर्जांना नकारसुद्धा आला नव्हता. आणि हवी इतकी होती, की कुणी विचारलं तर मी "बघू" एवढंच म्हणायचो.

व्हर्जिनियातल्या हर्नडन गावात मी श्रीकांतकाकांच्या तळघरात राहतो. काका नागपूरचे, आयटीत आहेत, आणि वीकेंडला बिअरबद्दल ठाम मतं मांडतात. "एकटा काऊन जातो बे? मी येतो. रिया ड्राइव्ह करेल." रिया त्यांची मुलगी. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "सो आय अ‍ॅम द ड्रायव्हर," ती म्हणाली, आणि किल्ली घेऊन बाहेर गेली.

काकूंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची एक मोठी स्टीलची बाटली दिली. बाटली एक, माणसं तीन. मी आणि काका लहानपणापासूनच्या सवयीने वरून पाणी पीत होतो, बाटलीला ओठ न लावता. रिया सरळ तोंड लावायची, त्यामुळे तिचा नंबर शेवटचा. "यू गाइज आर सो वीअर्ड," ती म्हणाली आणि बरोबर त्याच क्षणी सिग्नलला ब्रेक मारला. माझा इस्त्रीचा शर्ट पहिल्याच तासात भिजला.

पहिला थांबा बाल्टिमोरची इटालियन वस्ती. विटांची चिकटून बसलेली घरं, रस्त्यावर आडवे टांगलेले दिवे, दारादारात टोमॅटो आणि लसणाचा वास. एका रेस्टॉरंटमध्ये बसलो. वेटर आला आणि मी, घसा साफ करून, माझं पहिलं वाक्य म्हटलं, "ऊना बिर्रा आर्तिजानाले, पेर फावोरे." (एक हाताने बनवलेली बिअर, कृपया.)

वेटरने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "मित्रा, मी होन्डुरासचा," तो इंग्रजीत म्हणाला. "पण छान बोललास."

त्याने आणलेली बिअर इटलीचीच होती, फक्त मोठ्या कारखान्यातली, विमानतळावर मिळते ती. काकांनी ती संपवली. मी पास्ता खाल्ला आणि त्यात चटणी टाकायची इच्छा दाबून ठेवली. रियाने दाबली नाही.

दुसरा थांबा फिलाडेल्फियाचा इटालियन बाजार. छपराखाली भाज्यांची खोकी, बर्फावर मासे, आणि मधूनमधून व्हिएतनामी सुपाची दुकानं. चीजच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ खरंच इटालियनमध्ये कुणाला तरी झापत होते. मला इतका आनंद झाला की मी मध्येच "बोनजोर्नो" (शुभ दिवस) म्हणालो. संध्याकाळ झाली होती. त्यांनी बाहेर आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कोपऱ्यावरच्या पबचा रस्ता दाखवला.

तिथे इटालियन पद्धतीची पिल्सनर मिळाली. (फिकट, स्वच्छ बिअर.) मी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, छोटा घोट घेतला, आणि प्राध्यापकबाईंना द्यायच्या अहवालासाठी फोनवर लिहू लागलो, "ओलं गवत, लिंबाची साल..."

"थंड आहे यार," काका म्हणाले. "लिही, थंड."

मी लिहिलं. खरोखरच थंड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर लागले. या भागात पाटीचा दगड निघतो. छपरं त्याची, अंगणातल्या फरश्या त्याच्या, आणि सोडून दिलेल्या खाणींत हिरवं पाणी साठलेलं. पहिलीत मी ज्या पाटीवर "अ" काढला, ती कुठल्या डोंगरातून आली असेल याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला. शंभरेक वर्षांपूर्वी इटलीतली माणसं हे दगड फोडायला इथे आली, आणि त्यांची नातवंडं अजून घरात इटालियन बोलतात, असं प्राध्यापकबाईंनी सांगितलं होतं.

दगड कापायच्या जुन्या शेडमध्ये ती ब्रुअरी होती. आत तांब्याची भांडी, भिजल्या धान्याचा वास, आणि खिडकीपाशी चार म्हातारे स्कोपा (पत्त्यांचा खेळ) खेळत होते. ते भांडत होते, आणि इटालियनमध्ये भांडत होते. मी इटलीला पोहोचलो होतो.

मालकीणबाई तेरेसा सत्तरीच्या असाव्यात, पांढरे केस आखूड कापलेले. भट्टी त्यांचा भाचा मार्को सांभाळतो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तो विद्यार्थी? आधी पी. मग बोलू."

त्यांनी एकच ग्लास भरला. गडद तपकिरी, वर जाड फेस. आधी त्यांनी स्वतः एक घोट घेतला आणि तोच ग्लास माझ्यापुढे केला.

"घरची रीत आहे," मार्कोने समजावलं. "नव्या माणसाचा पहिला घोट आत्याच्या ग्लासातून."

इथे मी विचार करायला हवा होता. पण हात विचार करत नाही. तेरेसाबाईंचा ग्लास, त्यांनी प्यायलेला. माझ्या हाताने तो कपाळाच्या वर उचलला, मान मागे गेली, आणि मी वरून धार सोडली.

पाणी सरळ घशात उतरतं. बिअर उतरत नाही, हे आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. फेस नाकात गेला. मी खोकलो, उरलेली धार गळ्यावरून शर्टात गेली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. पत्ते थांबले.

तेरेसाबाईंनी ग्लास परत घेतला आणि त्याच्या काठाकडे पाहिलं. "माझं तोंड घाण आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नो नो, मॅडम!" काका उभेच राहिले. "गुड बॉय आहे, व्हेरी गुड बॉय!"

"डॅड, सिट," रिया म्हणाली. मग मला, "एक्सप्लेन. यू डू इट."

मी इंग्रजी जुळवत म्हणालो, "आमच्याकडे एका भांड्यातून दोघांना प्यायचं असेल तर ओठ लावत नाहीत. लावले तर ते उष्टं होतं, मग दुसऱ्याला देता येत नाही. मी तुमचा ग्लास तुमच्यासाठी राखत होतो."

बोलताना मलाच शंका आली की हे खरं आहे की आत्ता सुचलं. त्यांनाही आली असावी.

"पण मी तर आधीच ओठ लावले होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझं उष्टं तू प्यायलास की नाही?"

"प्यायलो," मी म्हणालो. "थोडं नाकातून."

पत्त्यांच्या टेबलावर हशा झाला. तेरेसाबाई हसल्या नाहीत. "चव?"

गाडीत मी यासाठी शब्द तयार केले होते. कॅरॅमल, भाजलेलं काष्ठ, मातीचा गंध. त्यातला एकही आठवला नाही. तोंडात होता तो गोडसर धूर, आणि तो मला ओळखीचा वाटत होता. "हुरड्यासारखी," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"ज्वारीची कोवळी कणसं. थंडीत आम्ही शेतात खड्डा करून भाजतो. घरी आल्यावर कपड्यांना जो वास राहतो, तो यात आहे."

तेरेसाबाई पहिल्यांदाच पुढे झुकल्या. "कशावर भाजता? आम्ही चेस्टनट लाकडाच्या धुरावर वाळवतो."

आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेणावर."

काकांनी डोळे मिटून घेतले.

"शेण?"

"वाळलेलं," मी म्हणालो.

मग तेरेसाबाईंनी आम्हाला पोटभर पोलेंटा (मक्याच्या जाड्या कण्यांचं पिठलं म्हणता येईल) खाऊ घातला, भट्टी दाखवायला मार्कोला सांगितलं, आणि निरोप घेताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कळवू." जगातल्या सगळ्या भाषांत त्या शब्दाचा अर्थ मला कळतो.

परतीच्या वाटेवर रियाने गाडी हायवेला लावली. मग म्हणाली, "ड्यूड. यू सेड काऊ डंग."

"होऊन जाईल रे," काका म्हणाले, पण खिडकीबाहेर पाहत.

घरी आल्यावर आईला फोन केला. जागा जाणारच होती, मग निदान खरं तरी सांगावं. इडलीपासून सुरुवात करून मी सगळं सांगितलं.

"पिलास व्हय?"

"चव घेतली. शिकायला घ्यावी लागते."

"त्या म्हातारीच्या गिलासातून?"

"हो."

"तोंड लावलंस?"

"नाही. वरून."

आईने श्वास सोडला. "ब्येस केलंस. मोठ्या माणसाचा गिलास."

मागून वडिलांचा आवाज आला, "काय म्हणतंय पोरगं?"

"काय न्हाई. आंबवायचं शिकतंय. एक जागा मिळायची हाय त्याला."

"मग मिळू दे की."

तेरेसाबाईंना दिलेलं स्पष्टीकरण माझं मलाच खोटं वाटत आलं होतं. आईने न विचारता तेच दिलं, तेव्हा वाटलं, ते बहुधा हाताला आधीपासून ठाऊक असावं. आम्ही कुठेही गेलो तरी काही गोष्टी डोक्याआधी हात करतो, एवढंच मला या प्रवासातून कळलं. इटलीत गेलो असतो तरी हेच कळलं असतं. फक्त शर्ट इटलीत भिजला असता.

वर्ग परत आला, त्यांचे फोटो पाहून झाले, माझा अहवाल देऊन झाला. रोज फोन बघायचो आणि कुणी विचारलं तर "बघू" म्हणायचो. पानं रंग बदलायला लागली तेव्हा मी बघायचंही सोडलं. आणि एका सकाळी, काकांबरोबर चहा पिताना, मार्कोचा निरोप आला. काकांनी फोन हिसकावून मोठ्याने वाचला.

"उशीर झाला, माफ कर. आत्या म्हणते, तू गेल्यापासून खिडकीतल्या चौघांनी रोज वरून पिऊन पाहिलं. कुणालाही जमलं नाही. तिलाही नाही. सोमवारपासून ये. कपडे धुवायची सोय आहे."