साडी गार्ड काढलेली गाडी

मंडळी, आज दुपारी थोडक्यात निभावलं.

पिंप्राळ्याहून रोज फैजपूरला नोकरीला जायचं, म्हणून पाय टेकतील अशी मोटारसायकल निवडली. मी ड्रेस घालते, मग साडी गार्ड कशाला? ते काढून टाकलं.

आज आई पहिल्यांदाच मागे बसली. वाटेत एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "ताई, थांबा, पदर बघा."

पदराचं टोक चाकाच्या आऱ्यांपाशी लोंबत होतं.

आई म्हणाली, "काही नही व्हयनं, चाल." मी गाडी ढकलतच गॅरेजला नेली. ती मागून, "लोके हसतीन ना पोरी."

गार्ड पुन्हा बसवलंय. तरी घरापर्यंत "आई, पदर?" विचारतच आले.

तुमच्या गाडीवर मागे कोण बसतं? गाडीत बदल करताना तुम्हाला त्यांची आठवण झाली होती का?