करार वाचणारा माणूस

आमच्या प्राचार्य संघटनेच्या कारकुनांचा चष्मा कायम कपाळावर. वाचायचं असलं तरच डोळ्यांवर येई. इतर संघटनांशी आम्ही दरवर्षी सहकार्य करार करायचो. शाल, फोटो, मग करार कपाटात. एकदा कारकुनांनी तो चक्क वाचला आणि एकमेकांची ग्रंथालयं खुली ठेवायच्या कलमानुसार वाघोलीच्या एका विद्यार्थिनीला कर्वेनगरच्या कॉलेजात ग्रंथालय वापरायचं, माझ्या सहीचं पत्र दिलं. तिथले प्राचार्य माझ्यावर उखडले, "अहो सचिव, करार केला म्हणजे लगेच पाळायचा?"

"कारकुनाने फसवून सही घेतली," मी म्हणालो.

आज कबूल करतो, पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

मुलीला ग्रंथालयातून उठवलं, कारकुनांना मेमो मिळाला. पुढच्या करारावेळी चष्मा कपाळावरच ठेवून त्यांनी पेन पुढे केलं.

"करा सही, सर. या वेळी मीही वाचलेला नाही."