थांबला तर कळेल

आमच्या साडूंइतका ‘हो’ म्हणायला कंजूष माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. एकदा पेणच्या स्टँडवर एका बाईंनी त्यांना विचारलं, “भाऊ, ही एसटी कासूला थांबते काय?” साडू गंभीरपणे म्हणाले, “थांबली म्हंजे कळंल. त्याच्या आधी सांगता येत नाय.” बाईंचा चेहरा बघून शेवटी मीच पुढे झालो आणि थांबते म्हणून सांगून टाकलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटरने भरवलं. नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टची नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेणच्या घरात एक जुनाट कॉम्प्युटर मांडला आणि त्याला कामाला जुंपलं. दोनाच्या पुढची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते म्हणतात. तशी नसलेली एखादी सापडली की कॉम्प्युटरने थांबायचं, नाहीतर शोधत राहायचं. तो थांबणार की नाही, हे आजवर कुणाला ठाऊक नाही. आणि कुठलाही प्रोग्रॅम दाखवला की तो थांबेल का नाही हे हमखास सांगणारी रीत तर असूच शकत नाही, हे म्हणे केव्हाच सिद्ध झालंय. गणपतीत एक आरती संपते न संपते तोच मागून कुणीतरी दुसरी उचलायचा, तेव्हा साडू मला कोपराने ढोसत. “सांगा बघू, संपंल काय?” पाय भरून आलेले असताना सिद्धांत चटकन पटतो.

घरातला इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरसाठी होता. मे महिन्यात वीज गेली की पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत आणि कॉम्प्युटर मजेत घरघरत असे. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, चिडून म्हणायची, “अहो, एक दिवस बंद पडंलच ना ते?”

“पडंल ना गो. मेमरी भरंल, वीज जाईल. सिद्धांतातलं यंत्र कागदावरचं, त्याला यातलं काय नसतं. पण दमून थांबणं निराळं, उत्तर गावून थांबणं निराळं.”

गेल्या वर्षी मेव्हणीला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला. पेणचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं रोह्याचं घर तळमजल्यावर. मी त्यांना न्यायला गेलो तेव्हा मनात धाकधूक एकच होती, त्या डब्याचं काय? तो इतका म्हातारा झाला होता की एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होण्याची आशा नव्हती.

साडूंनी बायकोची औषधं पिशवीत भरली, पडद्यावर पळणाऱ्या आकड्यांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. घरघर थांबली. इतक्या वर्षांनी ते घर शांत झालं.

“काय हो हे?” मेव्हणी खुर्चीतून म्हणाली. “बंद कशाला केलात?”

“कागदावरच्या यंत्राला बायको पण नसते,” साडू म्हणाले आणि तिची चप्पल शोधू लागले.

गाडीने वडखळ मागे टाकलं. मग मेव्हणीने खिडकीबाहेर बघत विचारलं, “अहो, मी चालंन काय हो परत?”

 डॉक्टरांनीही याचं उत्तर टाळलं होतं, आणि साडूंचं ठरलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं.

“व्हय,” साडू म्हणाले. “चालशील.”

आता रोज सकाळी ते तिला आमच्या अंगणात धरून उभं करतात. ती दोन्ही हातांनी त्यांचा खांदा पकडते, पाय थरथरतो, मग खाली बसते. “आज नाय,” ती म्हणते. “उद्या,” ते म्हणतात. पाऊल अजून पडलेलं नाही. पडलं तर कळेलच. आणि जोवर पडत नाही, तोवर पडणारच नाही असं सांगणारी रीत जगात कुठेच नाही, हे सिद्ध झाल्याचं साडू मला रोज चहाच्या वेळी बजावतात, आणि मी रोज ‘हो’ म्हणतो.