बारा मिनिटं पुढचे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. ताई सांगायची, आणि ते "पुरे गं" म्हणत उठून जायचे. आता 'नव्हतं' असं लिहावं लागतंय, आणि ते माझ्यामुळे. लिहायची लाज वाटते. पण नऊ दिवस जी वाटायला हवी होती तीच ही लाज आहे, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

दाजी उंचीला बेताचे आणि बोलायला त्याहून बेताचे. लिफ्टचं काम झालं की आधी स्वतः तीन वेळा वर-खाली जातात, डोळे मिटून, तळहात दाराच्या चौकटीला टेकवून. मी एकदा विचारलं, "काय ऐकता हो दाजी?" तर म्हणाले, "ऐकत नाही रे. ही थांबताना कुरकुरते का ते बघतो." लिफ्टला ते 'ही' म्हणतात. त्यावर ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "माझं कुरकुरणं कधी असं हात लावून बघितलंत का?"

दाजींचं घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं. मनगटावरचंही, भिंतीवरचंही. उशीर या गोष्टीची त्यांना इतकी धास्ती की लोकांकडे जेवायला आम्ही यजमानबाई केस विंचरत असताना पोचतो. बाराच मिनिटं का, यावरही त्यांचं उत्तर तयार असतं. दहा असली की माणूस मनात वजाबाकी करून लोळत पडतो, बारा वजा करायचा कंटाळा येतो. कॉलेजची चार वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. रोज बंद फाटकासमोर उभा राहून मी या बारा मिनिटांना शिव्या घातल्या आहेत. म्हणजे घड्याळाची ही खोड जगात कुणाला माहीत असेल तर ती मला.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवा फोन घेतला. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "याचं घड्याळ पुढे कर ना. मी केलं की हा पठ्ठ्या परत जागेवर येतो." फोन वेळ आपोआप लावून घेत होता. मी ती सोय बंद केली, वेळ बारा मिनिटांनी पुढे केली. ताईनं वाढलेला भात गार व्हायच्या आत काम झालं.

आता माझ्या कामाबद्दल. फिरतीवरच्या माणसांच्या फोनवर चालणाऱ्या सेवा मी आखतो. ऑफिसात बसलेल्या माणसाचं बरं असतं, त्याचं मशीन एका जागी आणि तार कायम जोडलेली. फिरतीवरचा माणूस तळघरात जातो, गच्चीवर चढतो, त्याची रेंज जाते, बॅटरी उतरते. अशा वेळी अ‍ॅपनं रडत बसायचं नाही, परिस्थिती बघून वागायचं. रेंज चांगली असेल तर फोटोसकट सगळं पाठवायचं, बॅटरी कमी असेल तर फोटो मागे ठेवायचे, रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच जपून ठेवायची आणि संधी मिळाली की पाठवायची. मग एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणांहून दोन नोंदी आल्या तर खरी कोणती? जी नंतर लिहिली ती. आणि नंतर कोणती लिहिली हे कशावरून ठरवायचं? ज्या मशीनवर लिहिली त्याच्या घड्याळावरून. हा नियम माझा. फळ्यावर मीच लिहिला होता.

आमच्या टीममध्ये चाचण्या घेणारी एक मुलगी आहे. नाकावर चष्मा आणि जिभेवर शंका. ती तेव्हाच म्हणाली होती, "सर, फोनच्या घड्याळावर भरवसा नको. नोंद आपल्याकडे पोचते ती वेळही बघू या."

मी हसलो. वर सगळ्यांनाही हसवलं. "अगं, आजकाल घड्याळं आपोआप लागतात. हातानं कोण लावतं? आजोबा?"

तेव्हा मला जेवणाचं टेबल आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. ऑफिसात शिरताना घरची माणसं मी बाहेर चपलांसारखी काढून ठेवत होतो बहुतेक.

पुढे दाजींच्याच कंपनीनं आमची सेवा घेतली. मी मिरवलो. दाजीही मिरवले, त्यांच्या पद्धतीनं. प्रशिक्षणाच्या दिवशी शेजारच्या कारागिराला हळूच म्हणाले, "आमच्या मेहुण्यानं बनवलंय." त्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं, वेळ लिहायची गरज नाही, ती आपोआप पडते. दाजींना वाटलं, वेळ वरून कुठून तरी, ऑफिसातून येते.

आणि मग तो दिवस. सहा मजली इमारत, तिची दोन नंबरची लिफ्ट. दाजींनी ब्रेकचं काम केलं, तीन फेऱ्या मारल्या, ठीक गेल्या. चार वाजता तळघरातच फोनवर लिहिलं, 'काम पूर्ण, लिफ्ट चालू.' रेंज नव्हती, म्हणून अ‍ॅपनं नोंद जपून ठेवली आणि तिच्यावर फोनची वेळ घातली, चार बारा. हत्यारांची पिशवी घेऊन दाजी त्याच लिफ्टनं वर आले, आणि या चौथ्या फेरीला ही बया मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली. दाजींनी लगेच खटका पाडला, दाराला पाटी लावली. पण त्यांच्याकडचा नियम असा की एकदा 'पूर्ण' लिहिलं की कारागिराला नोंद बदलता येत नाही, ती सुपरवायझर बदलतो. म्हणून त्यांनी फोन लावला. बोलण्यापुरती रेंज होती. सुपरवायझरनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून चार सातला लिहिलं, 'लिफ्ट बंद.' चार नऊला दाजी रस्त्यावर आले, रेंज मिळाली आणि अ‍ॅपनं जपून ठेवलेली नोंद इमानानं पाठवून दिली. आमच्या सेवेनं दोन्ही नोंदी पाहिल्या. चार सातपेक्षा चार बारा नंतरची. लिफ्ट चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या वॉचमननं इमारतीत लावलेल्या आमच्या सेवेच्या पडद्यावर 'चालू' वाचलं, पाटी काढली, खटका वर केला. पडदा सांगेल ते अंतिम, हा त्याला दिलेला हुकूम. नऊच्या सुमाराला चौथ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या एक शिक्षिका लिफ्टमधून बाहेर पडताना ठेचकाळल्या. लिफ्ट तोवर चार बोटं खाली थांबायला लागली होती. बाईंच्या घोट्याचं हाड मोडलं.

दाजींना घरी बसवलं. चौकशी लागली. चूक सिद्ध झाली असती तर लिफ्टला हात लावायचा परवानाच गेला असता. चौकशीवाल्यांनी आमच्याकडे नोंदी मागितल्या आणि त्या मीच काढल्या. दोन रकाने होते, नोंद लिहिल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. दाजींची नोंद लिहिली चार बाराला, पोचली चार नऊला. लिहिण्याच्या तीन मिनिटं आधी पोचलेली नोंद! समजायला एक क्षणही लागला नाही, आणि गार होत चाललेला तो भात आत्ता आठवला.

चौकशीवाल्यांनी फक्त लिहिल्याची वेळ मागितली होती. मी तेवढीच पाठवली. त्या महिन्यात आमची सेवा आणखी दोन कंपन्या घेणार होत्या, माझं नाव वरच्या जागेसाठी चर्चेत होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाहीत. मी म्हटलं, त्यांनी विचारलं तर सांगू. विचारणार कोण आणि कशाला?

तिसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. दाजी दुपारचे घरात होते, हेच बघायला विचित्र वाटत होतं. दाराच्या बिजागरीत तेल घालत होते. कुरकुरत नसलेल्या बिजागरीत. ताईनं मला बाजूला घेतलं.

"ते म्हणतात, मी बंद करायला सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणतो, सांगितलंत खरं, पण पाच मिनिटांनी तुम्हीच परत चालू केलंत. तुझंच मशीन आहे ना रे ते? त्यात काही चूक असू शकेल का?"

"तपासतो," मी म्हटलं.

तपासतो! सगळं तपासून, घडी घालून खिशात ठेवलं होतं मी. ताईनं मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

त्यानंतर गेलो नाही. तिचा फोन आला की मीटिंगमध्ये आहे म्हणायचो. चष्मेवाली मुलगी समोर आली की वाट बदलायचो, तिला काही ठाऊक नसतानाही. नवव्या दिवशी दुपारी दाजींचाच फोन आला. ते आपणहून फोन करत नाहीत.

"सही करून टाकली रे," ते म्हणाले. "चूक माझीच, असं लिहून दिलं."

"पण का? तुम्ही केलं नव्हतं ना?"

"मला तरी आठवत नाही. पण वय झालं. दाबलं असेल बटण, गेलं असेल लक्षातून. तुझं मशीन कशाला खोटं बोलेल?" मग माझीच समजूत घालत म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो, दोन्ही रकाने कागदावर काढले, खाली चार ओळींत नियम कुणाचा, घड्याळ कुणी पुढे केलं आणि मी काय लपवलं ते लिहिलं आणि साहेबांसमोर ठेवलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यासमोरच दाजींच्या कंपनीत फोन लावला. दाजींची सही असलेला कागद मागे घ्यायचं तिथल्या तिथे ठरलं. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते उद्या बघू म्हणाले. मी तसाच ताईच्या घरी गेलो.

ताई बाहेर गेली होती. दाजी एकटेच होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बसायचा हक्क नसल्यासारखा. घड्याळाचं कळलं तेव्हा त्यांनी मनगटाकडे पाहिलंही नाही. दोन रकान्यांचं मात्र परत एकदा सांगायला लावलं. कारागीर माणूस, बिघाड नेमका कुठे ते समजून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. समजलं तसा त्यांनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे मी दाबलं नव्हतं."

"नाही, दाजी."

"मला वाटायला लागलं होतं की डोकं गेलं आपलं. आता कुठल्या लिफ्टला हात लावायचा आपण, असं." त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी बाहीनं पुसले. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. या एका ठिकाणी नाही बोललो.

"नऊ दिवस झाले."

मी वाट बघत होतो, ओरडतील, हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात खाली ताईचा आवाज आला, ती शेजारणीशी बोलत जिना चढत होती. दाजी उठले. एकतीस वर्षांत ज्यांनी एक खोटी नोंद केली नाही, ते माझ्याजवळ आले आणि घाईघाईनं, हलक्या आवाजात म्हणाले,

"तिला दोन सांग. नऊ तिला सोसणार नाही."

ताई आत आली, पिशवी ठेवली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

मी तिला दोन सांगितले.