सासूबाईंसाठी नथ

माझ्या हातचा पहिला झुमका अंबत्तूरच्या बसमध्ये सुटला. रेशमी दोरा गुंडाळून केलेला, मोरपिशी रंगाचा. तो घालून मी अशा तोऱ्यात निघाले होते, की जणू चेन्नईतल्या टी. नगरच्या सगळ्या सराफी पेढ्यांना आता टाळं लागणार. कंडक्टरनं शिट्टी मारली, बसनं गचका दिला आणि झुमक्याची वाटी निखळून शेजारच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत पडली. त्यांनी ती मला परत देताना तमिळमध्ये काहीतरी म्हटलं आणि पुढच्या चार सीटा हसल्या. मी घरी आले ती धुसफुसत. दुसरा झुमकाही कचऱ्यात टाकला. नवरा म्हणाला, "अगं, एक कान तरी सजला असता." त्या दिवशी त्याला अळणी आमटी मिळाली, आणि ती चुकून अळणी झाली नव्हती.

लग्न करून मी साताऱ्याहून थेट चेन्नईला आले. नवरा तंजावरकडच्या मराठी घरातला. त्यांच्या कितीतरी पिढ्या इकडेच झाल्या. सासरी मराठी बोलतात म्हणून माझ्या माहेरचे निर्धास्त होते. इथे आल्यावर कळलं, की त्यांचं मराठी वेगळं आणि माझं वेगळं. सासूबाई 'आहे'ला 'अहे' म्हणायच्या, 'खूप'ला 'बहुत', आणि मधूनमधून तमिळ शब्द पेरायच्या. मी तावातावानं बोलू लागले की त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, ह्यांना मी आवडत नाही. त्यांना काय वाटायचं ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही. सासू-सासरे आवडी नावाच्या उपनगरात सरकारी क्वार्टर्समध्ये, आम्ही अंबत्तूरला. रविवारी जेवायला जायचं, पानात वाढलेलं संपवायचं आणि परत यायचं, एवढाच आमचा संबंध होता.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण, सगळ्या इमारतीच्या मामी, शनिवारी दागिन्यांचा वर्ग घ्यायच्या. मी तिथे गेले ती खरं तर कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून. मोत्याला मुत्तु, सुईला ऊसी, तारेला कंबी, असं माझं तमिळ मामींच्या चटईवर सुरू झालं. त्यामुळे बरीच वर्षं मला तमिळमध्ये मोती निवडता यायचे, पण नळ कुठे गळतोय ते प्लंबरला सांगता यायचं नाही. मामी शिकवायला गोड आणि तपासायला कडक. काम बिघडलं तर त्या हात लावायच्या नाहीत. समोर छोटी पक्कड ठेवून एकच शब्द म्हणायच्या, "पिरि." म्हणजे उसव. मला ह्या शब्दाचा भयंकर राग यायचा. तारेची कडी वाकडी झाली, पिरि. मण्यांमध्ये फट राहिली, पिरि. माझा राग नाकाच्या शेंड्यावर; दोनदा तर मी चटईवरून उठून घरी निघून आले. पण शनिवार आला की पाय आपोआप जिना उतरायचे. हळूहळू दोरा सुटला आणि तार हातात आली. तारेला दटावून चालत नाही, सारखी वाकवली तर ती तुटते, हे बोटांना कळलं, आणि मग थोडं मलाही.

एका गणपतीला मी स्वतःसाठी मोत्यांची नथ केली. जाड तारेचा आकडा, त्यावर बारीक तारेनं बांधलेले मोती, मध्ये लाल खडा. ती घालून आवडीला गेले तेव्हा सासूबाई मोदक वळता वळता थांबल्या आणि बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी खोट निघणार. पण त्या पुन्हा मोदक वळू लागल्या.

बोलल्या त्या सासऱ्यांच्या साठीशांतीचं ठरलं तेव्हा. नवऱ्याला साठ वर्षं पुरी झाली की इकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. कलशातल्या पाण्यानं दोघांना न्हाऊ घालतात, नवी वस्त्रं देतात, पुन्हा मंगळसूत्र बांधतात. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी ओट्याकडे बघतच विचारलं, "अगे, मला एक नथ करून देतेस का?"

मी काही बोलायच्या आतच त्यांनी घाईघाईनं कारणही सांगितलं, जणू मी नाहीच म्हणणार होते. त्यांच्या आईकडे एकच नथ होती. ती मोठ्या बहिणीच्या लग्नात बहिणीला दिली. सासूबाईंचं लग्न लागलं ते नुसत्या मुक्कुत्तीवर, म्हणजे नाकातल्या चमकीवर. "फोटोत सगळ्यांच्या नाकात नथ अहे. नवरीच्या नाकात नाही," त्या म्हणाल्या. "अत्ता परत लग्न अहे ना. एकदा नथ घालून बसायचं अहे मला."

विकतची आणता आली असती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे मागितली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू. मला इतका आनंद झाला, की मी उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

त्यांची एक अट होती. नथ पुरी झाल्याशिवाय त्या बघणार नव्हत्या. भाताचं झाकणसुद्धा त्या मध्येच उघडू देत नाहीत, तेव्हा मी वाद घातला नाही. टी. नगरच्या एका गल्लीत दुकानदाराचा अंत बघून एकसारखे मोती निवडले. आरशासमोर बसून, माझ्याच नाकावर लावून लावून नथ केली. मामींनी ती उलटसुलट करून बघितली आणि पिरि म्हटलं नाही. मी जिना चढले ती गाणं म्हणत.

साठीशांतीच्या आदल्या दुपारी आवडीच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी सासूबाईंना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि डबी उघडली. त्यांनी नथ बघितली, हात पुसले आणि नाकातली मुक्कुत्ती फिरवून काढली. उजव्या नाकपुडीतली.

 साताऱ्यात वाढलेल्या बाईला नथ डाव्या नाकपुडीत असते ह्यापलीकडे काही सुचणारच नाही. इकडे नाक टोचतात ते उजवीकडे. आणि मी दर रविवारी ती चमकी बघत होते की! पण बघत होते समोर बसून; त्यांची उजवी बाजू माझ्या डावीकडे. त्यामुळे मला कधी शंकासुद्धा आली नाही.

त्यांनी नथ घातली. मोत्यांचा घोस भलतीकडे वळला, लाल खडा आत गेला आणि तारांची गुंडाळलेली पाठ जगाला दिसू लागली. सासूबाई आरशात बघत होत्या. पडलेला चेहरा त्यांनी पटकन सावरला. "बहुत बरी अहे," त्या म्हणाल्या. "पोदुम. मला पुरे अहे."

"पुरे काय? उलटी आहे ती!" मी ओरडलेच. "आई, ही असली नथ घालून बसलात तर मी उद्या कार्याच्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"मग डावीकडे दाबून बसवू का?" असंही मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या आईची नथ उजवीकडे असायची.

तेव्हा मी पिशवीतून पक्कड काढली. मला कुणी पिरि म्हणायची गरज नव्हती. तार कापली, तसे मोती ताटलीत घरंगळले. बाहेर कुणीतरी सासूबाईंना हाका मारत होतं, पायसमसाठी गूळ किती घालायचा म्हणून. त्या उठल्या नाहीत. "तुम्हीच घाला," असं दाराआडूनच सांगून त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि एकेक मोती पुसून माझ्या हातात देऊ लागल्या.

ह्या वेळी मी आरसा बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तार वाकवली, लावून बघितली, पुन्हा वाकवली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया पडले होते, पण त्यांच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. त्यांचं नाक थोडं बसकं, नाकपुडी रुंद. माझ्या नाकावर बेतलेला आकडा त्यांना टोचलाच असता. हनुवटी धरून मी त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं, तर त्यांनी लहान मुलीसारखे डोळे मिटून घेतले.  ह्या बाईंना मी आवडते की नाही ह्याचा हिशेब मी उगाच करत बसले होते, असं वाटलं. मला त्या आवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी कलशाचं न्हाण झालं. सासूबाई नवी नऊवारी नेसून हॉलमागच्या खोलीत बसल्या होत्या. मी त्यांच्या नाकात नथ घातली. मोती ओठांवर नीट झुलले, खडा समोर आला. तेवढ्यात त्यांची मोठी बहीण आत आली. तिच्या नाकात त्यांच्या आईची नथ होती, जुन्या, पिवळसर मोत्यांची. सासूबाईंच्या नाकातली नथ बघून तिनं आपली काढली आणि सासूबाईंसमोर धरली.

"अत्ता तू घाल," ती म्हणाली. "तेव्हा मला दिली. तुझ्या लग्नात मीच काढून द्यायला पाहिजे होती."

मी मागे सरले. हीच तर नथ त्यांना हवी होती. त्यांनी ती घ्यावी असं मला मनापासून वाटलं, आणि घेऊ नये असंही तितकंच मनापासून वाटलं. त्यांच्या नाकातली, मी केलेली नथ काढायला मी हात पुढे केला.

सासूबाईंनी माझा हात बाजूला केला. आईची नथ ओंजळीत घेतली, डोळ्यांना लावली, आणि उठून आपल्या हातानं ती बहिणीच्या नाकात परत घातली.

"अक्का, ती तुझी अहे," त्या म्हणाल्या. "आईनं तुझ्यासाठी ठेवलेली. माझ्यासाठी कोणीच केली नव्हती. ही माझं नाक बघून केलेली अहे."

दोघी बहिणी एकमेकींना धरून रडू लागल्या. बाहेरून गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते. मी दोघींवर खेकसले, डोळे पुसा, फोटोवाला आलाय. मग सासूबाईंच्या नाकातली नथ सरळ केली. ती सरळच होती, तरी केली.