खुंट्यांचं घर

अख्ख्या बहारीनमध्ये खिळ्यांशी उभा दावा मांडलेला एकच माणूस होता, आणि तो झिंजमध्ये आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना सुतारकाका म्हणायचो. मूळचे मालवणकडचे. कुणाकडे चहाला गेले की आधी खुर्ची उलटी करून पाहायचे, आणि खिळा दिसला तर उभ्यानंच चहा घ्यायचे. "खिळो म्हंजे घाईचां काम," म्हणायचे.

एकदा रिफातल्या एका व्हिलाच्या मालकाला जुन्या इंग्रजी घराची शोभा हवी होती. पांढऱ्या सिमेंटवर नुसत्या काळ्या फळ्या चिकटवायच्या. काकांनी चिकटवल्या, पण परतले ते सुतक लागल्यासारखे. "ह्यां घर नाय, मास्तर. भिंतीन गोंदवन घेतल्यान!" मी शाळेच्या ग्रंथालयात काम करतो, तिथून इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांचं चित्रांचं पुस्तक आणून दिलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो सांगाडा त्यांनी माझ्याआधी वाचला. ओकच्या ओल्या लाकडाचे खांब, तुळया, तिरके आधार, सांध्यांत लाकडी खुंट्या, आणि मधे विणलेल्या काठ्यांवर लिंपलेला चिखल. तिथे ओरडलेच, "ही तर आमची कुडाची भिंत! सायबान खयसून उचलल्यान?" लाकूड वाळेल तसं घर कलतं, पण खुंट्या सोडत नाहीत, हे मी वाचून दाखवलं तेव्हा मात्र पुस्तक बगलेत मारून वर घेऊन गेले.

मग जिदहफ्समधल्या त्यांच्या कारखान्यातले टाकाऊ तुकडे जमवून दोन वर्षं ते हातभर उंचीचं तसंच घर घडवत राहिले. पुस्तकातल्या सुतारांसारख्या प्रत्येक सांध्यावर खुणा कोरल्या, म्हणजे सुटं करून गावी नेता येईल. "इंशाल्ला, ह्या रजेक घरकारणीक दाखवतलंय." तीस वर्षांत गावी राहिलेल्या काकूंनी त्यांचं इथलं एकही काम पाहिलं नव्हतं. रजा मंजूर झाली, बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन काका गेले.

घर सुटं करून तुकडे मी गावी पाठवले. महिन्याभरानं काकूंचा फोन आला. खुणा जुळवत त्यांनी एकटीनं घर उभं केलं होतं.

"मास्तर, एक खुंटी कमी आसा. घर वायच कललाहा."

ती खुंटी माझ्या टेबलावर होती. मीच ठेवून घेतली होती. तसं कबूल केलं, पाठवतो म्हणालो.

"नको," काकू म्हणाल्या. "रवांदे तुमच्याकडे. कललाहा, पण पडाचा नाय."

हल्ली कुणाकडे गेलो की बसण्याआधी माझा हात नकळत खुर्चीखाली जातो.